रेवणप्पाची क्लिप

"रेवणप्पाचा सांगावा हाय, दिवाणजी," कुंडलिक हमाल म्हणाला. पाठीवरचं पोतं त्यानं थप्पीवर टाकलं आणि डोक्याच्या टॉवेलनं मान पुसली. "चाकू घिऊन या म्हणालाय. क्लिप सैल करून देतो म्हणं." एवढं बोलून तो पुढच्या पोत्याकडे गेलाही. मी तुरीची मूठ हातात धरून तसाच उभा राहिलो. कडक भाकरीत खडा दाताखाली यावा, तसं काहीतरी झालं. खडा लहानच असतो, पण नंतरचा घास माणूस जपून चावतो. मूठ पोत्यात परत टाकली आणि उसवलेला कोपरा दुमडून दाबला. चाकू बंद करून सदऱ्याच्या बगलेतल्या खिशाला लावला. क्लिप कापडावर बसली. ती बसते तेव्हा बारीक आवाज येतो. महिनाभर तो आवाज मी ऐकत आलो आहे.

सव्वीस वर्षं मी या डाळमिलमध्ये आहे. गाडी आली की दर पोत्याच्या कोपऱ्याची शिवण चाकूनं उसवायची, मूठभर तूर काढायची, उजेडात धरायची आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे माझं काम. सगळं पोतं कुणी ओतून बघत नाही. वरची मूठ खालच्या मणाबद्दल सांगते, निदान सांगते असं धरून चालावं लागतं. या सवयीनं माणसंही मी मुठीनंच बघायला लागलो. कुंडलिक : अंग मजबूत, जीभ त्याहून मजबूत, पण उचललेलं पोतं मध्येच टाकणार नाही. मालक शिवशरण : भस्माचे पट्टे ठळक, तूर ओली असली की आवाज मऊ. रेवणप्पा मशीनवाला : कमी बोलणार, जास्त ऐकणार, आणि ऐकणार तेही माणसांपेक्षा बेअरिंगचं. मशीनचा आवाज बदलला की जेवणावरून उठायचा. अशा माणसाच्या बायकोची मला कीव यायची. माझी स्वतःची मूठ मी कधी उजेडात धरली नव्हती. धरायची गरजही पडली नव्हती.

चाकूला क्लिप त्यानंच बसवली. माझा आधीचा चाकू पोत्यात पडून तुरीबरोबर लातूरला गेला. त्याच्या आधीचा चाळणीत सापडला, पातं वाकडं होऊन. मिलमध्ये चेष्टा झाली. "दिवाणजी चाकू पेरत्यात, पाऊस पडला की उगवंल," असं कुंडलिक आल्यागेल्याला सांगायचा. गड्ड्याच्या जत्रेतून मी तिसरा चाकू आणला, तेव्हा रेवणप्पानं तो न विचारता उचलला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला. पेनाला असते तशी क्लिप त्याच्या अंगाला बसवलेली होती. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कापून, कडा घासून, दोन बारीक रिव्हेटा मारून. "आता पेरून दावा, अण्णा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा एकुलता एक विनोद. क्लिप घट्ट होती, हे मात्र खरं. माझ्या बायकोनं, सुंदरम्मानं, खिशाची कड दुहेरी दुमडून शिवली होती, त्या जाड कडेवर ती विंचवासारखी बसायची. पहिले आठ दिवस चाकू काढताना खिसा वर यायचा, सदरा वर यायचा आणि मी कुरकुर करायचो. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग अंगठ्यानं क्लिपची मान दाबली की ती उघडते, हे हाताला कळलं. कुरकुर मात्र मी चालूच ठेवली. मिलमध्ये प्रत्येकाकडे बोलायला एक ठेवणीतली गोष्ट असते, माझी ती होती.

चार वाजता मालकांना सांगून निघालो. वैशाखातलं ऊन. नव्या पेठेतले दुकानदार पडदे सोडून आत पेंगत होते. बाहेर फक्त सरबताच्या गाड्या आणि भिंतीवरचा मजकूर. आणीबाणीचं दुसरं वर्ष, कमी बोलावं हा सल्ला सरकार भिंतीभिंतीवरून फुकट देत होतं. मला त्याची गरज नव्हती, महिनाभर मी तो पाळत होतो. रिक्षा करावी असं एकदा वाटलं. पण रिक्षानं गेलं की माणूस लवकर पोचतो. चालत गेलो की गल्ल्या आहेत, ओळखीची माणसं आहेत, "काय दिवाणजी, उन्हाचं कुठं" आहे. प्रत्येकाजवळ अर्धं मिनिट थांबलं तर संध्याकाळ होईल आणि संध्याकाळी आजारी माणसाकडे जाऊ नये असं म्हणता येईल. हा हिशेब मी करतोय हे ध्यानात आलं तेव्हा मी एका भांड्यांच्या दुकानासमोर होतो आणि एका पातेल्याकडे बघत होतो. पातेलं मला नको होतं.

महिन्यापूर्वी, त्या दिवशी, मी मिल चालवणाऱ्या फिरत्या शाफ्टपासून तीन पावलांवर होतो. रेवणप्पा शाफ्टखाली वाकून चालू मशीनला ग्रीस भरत होता. शाफ्ट थांबवला तर चाळण्या थांबतात, सगळी मिल थांबते. म्हणून चालूवरच ग्रीस भरायची, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. मालकांनी कधी तसं सांगितलं नाही आणि कधी नको म्हटलं नाही. वाकल्यावर त्याच्या बनियनमधून शिवदार बाहेर आला. गळ्यातल्या लिंगाचा तो दोरा त्याच्या बायकोनं, चंद्रव्वानं, स्वतः वळलेला, सुती, बोटाएवढा जाड. शाफ्टनं तो उचलला. ओरडण्याइतकी जागाही त्याच्या गळ्यात राहिली नाही. फक्त टाचा फरशीवर घासल्याचा आवाज आला, तोही पट्ट्याच्या आवाजात बुडाला. त्याची मान बेअरिंगला टेकली आणि तोंड माझ्याकडे होतं.

चाकू निघाला. अंगठा क्लिपवर आपोआप पडला आणि चाकू निघाला, उघडला, पोत्यासमोर रोज उघडतो तितक्याच सहज. मी तीन पावलं गेलो. दोऱ्याखाली पातं घातलं, धार बाहेरच्या बाजूला. आणि थांबलो. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला करडगी, लिंगाची चांदीची डबी, शाफ्टबरोबर गरगर फिरत होती, तिच्यात त्याचं लिंग. दोरा कापला की ते त्याच्या अंगावरून गेलं. मी पातं बाहेर काढलं. मी ते बाहेर काढलं, हे वाक्य महिनाभर मी मनात वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं. निसटलं, थरथरलं, सरकलं. पण सव्वीस वर्षं ज्या हातानं शिवणी उसवल्या, त्या हातातून पातं निसटत नाही.

स्विच पलीकडच्या खोलीत. कुंडलिकनं पोतं टाकून धाव घेतली. नंतर एकदा, मिल बंद असताना, मी ते अंतर पावलांनी मोजलं : चौतीस. मग तो स्विच पाडून परत आला आणि पट्टा हातानं उलटा फिरवू लागला. दोरा सुटला, अखंड. करडगीही पोचे पडून का होईना, जागेवर. लोकांनी हात जोडले. कुंडलिक धापा टाकत म्हणाला, "चाकू कुटं हाय तुमचा, दिवाणजी? कापायचा की दोरा." चाकू तोवर बंद होऊन खिशात गेला होता. तो बंद करून ठेवायला मला वेळ मिळाला होता. मी खिशाशी झटापट केली आणि म्हणालो, "अडकलाय. क्लिप." एवढ्यावर भागलं असतं. पण मालक आले, त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी म्हणालो, "रेवणप्पानंच बसवलीय मालक, लई घट्ट." हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

लोकांना ते पटलं. माझी रोजची कुरकुर सगळ्यांनी ऐकलेली होती, सगळे साक्षीदार तयारच होते. सुंदरम्मा तर रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "बरं झालं बाई निघाला नाही ते. लिंगाचा दोरा तुमच्या हातून कापला गेला असता, कुठं फेडलं असतं ते पाप?" म्हणजे चाकू अडकला म्हणून एकीकडे मी निर्दोष आणि कापला नाही म्हणून दुसरीकडे पुण्यवान. दोन्हीकडून माझीच बाजू भरत होती. माझ्या लहानपणी एका काकाच्या गळ्यातला दोरा विहिरीत आंघोळ करताना तुटला. लिंग तळाला गेलं. गडी बुड्या मारत होते आणि काका विहिरीच्या काठावर ओल्या धोतरानं बसून होता, तीन दिवस. पाणीसुद्धा नाही. आई शिवम्मा मला लांबून दाखवायची आणि म्हणायची, "बघ, तो आत्ता मेलेला आहे. सापडलं तर उठेल." चौथ्या दिवशी सापडलं आणि काका उठला, पण आधीचा काका नव्हता असं मला वाटलं. पातं थांबलं तेव्हा तो काठ मला दिसला, असं मी स्वतःला सांगतो. रात्री सांगितलं की पटतं. सकाळी आंघोळीला जाताना मी माझं स्वतःचं लिंग काढून खुंटीला अडकवतो, उन्हाळ्यात दोऱ्यानं मान काचते म्हणून. ते तिथं टांगलेलं बघितलं की पटत नाही. मग वाटतं, भक्ती नव्हे, भीती. दोरा मी कापला असता तर मी कापला असं झालं असतं. नाही कापला तर जे झालं ते शाफ्टनं केलं. किंवा हेही नसेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस नुसता दमलेला असू शकतो, दुसऱ्याच्या मरणाच्या वेळीसुद्धा.

बाळीवेशीच्या मागच्या बोळात त्यांची खोली. दार उघडंच होतं. चंद्रव्वा बाहेरच्या दगडावर भांडी घासत होती, मला बघून पदर सावरत उठली. "बर्री अण्णा, कूडरी," या, बसा, असं ती कानडीत म्हणाली, पण आत न नेता दाराशीच थांबली आणि आवाज खाली आणून मराठीत बोलू लागली, म्हणजे आत ऐकू गेलं तरी नवऱ्यानं ते बोलणं परक्याशी चाललंय असं समजावं. "महिना झाला अण्णा, हत्याराला हात लावला न्हाय. आज तुमचा चाकू येणार म्हणून पक्कड काढलीया. सोमवारी गावाकडं जायचं म्हणत्यात, माझ्या भावाच्या शेतावर. अक्कलकोटच्या पुढं. तितं हे काय करणार? बैलाचं बेअरिंग बघणार?" तिला हसू आलं आणि लगेच गेलं. "म्हणत्यात, माझ्याच हातचं काम माझ्याच गळ्याशी आलं. आता दुसऱ्याच्या गळ्याशी यायला नको. तुमी सांगा की त्यांना. क्लिपचा दोष नव्हता म्हणून सांगा. खोटं सांगितलं तरी चालंल, मी शिव्या देणार न्हाय."

मी मान हलवली. उन्हानं चपलेचे पट्टे तापले होते, काढताना बोटं भाजली.

रेवणप्पा खाटेवर बसला होता. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर पक्कड, बारीक पेचकस, कानस, तेलाची कुपी. गळ्याभोवती वळ, जांभळ्याचा आता तपकिरी झालेला. नवा शिवदार पांढराशुभ्र. आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता, जाड भाग सगळा वर राहिलेला. "द्या," तो म्हणाला. मी चाकू दिला. त्यानं तो उघडला नाही. क्लिप उजेडाकडे धरून खालून बघितलं, नखानं उचलून सोडली, कानाशी नेऊन पुन्हा उचलून सोडली. "घट्ट हाय," तो म्हणाला, पण खात्री नसल्यासारखं. "पर इतकी न्हाय. उभं ऱ्हावा अण्णा. खिशाला लावा. आता काढा, त्या दिवशी काढला तसा."

मी उभा राहिलो. मिलमध्ये तेवीस जणांसमोर जे केलं होतं ते एका माणसासमोर करायचं होतं. अंगठा बाजूला ठेवून मी नुसत्या बोटांनी ओढला. खिसा वर आला, सदरा वर आला, चाकू तिथंच. घाम फुटला, तो खरा होता. रेवणप्पा माझ्या हाताकडे बघत होता, बेअरिंग ऐकताना बघायचा तसा.

"अंगठा कुटं हाय तुमचा?"

"काय?"

"रोज तुमी अंगठ्यानं मान दाबून काढताय. मी बघितलंय. चांगली रीत हाय ती, मला पण सुचली नव्हती."

"घाईत विसरलो असेन."

त्यानं पुढ्यातली पक्कड कागदावर सरळ करून ठेवली. मग हळूच मान डोलावली. "व्हय. घाईत माणूस विसरणारच. विसरला तरी निघायला पायजे, तर ती क्लिप. न्हायतर नुसता चिमटा." आणि त्यानं हात पुढे केला. माझ्याकडून आणखी एक वाक्य निघालं होतं आणि त्यानं ते घेऊन स्वतःच्या अंगावर चढवलं होतं.

पेचकसाच्या टोकाला त्यानं चिंधी गुंडाळली, चाकूला ओरखडा पडू नये म्हणून. टोक क्लिपखाली सरकवलं आणि उचललं, केसभर. स्प्रिंगचं पोलाद असं वाकत नाही. जितकं उचलावं तितकं परत बसतं, म्हणून हवं त्याहून थोडं जास्त उचलावं लागतं आणि फार उचललं तर रिव्हेट ढिली होते. उशीच्या अभ्र्यावर लावून बघितलं. पुन्हा केसभर. पेचकस दोनदा घसरला. पूर्वी घसरत नसे. मग क्लिपचं ओठासारखं टोक कानशीनं घासलं. तेवढ्यात चंद्रव्वानं चहा आणला, "जेवूनच जा अण्णा, शेंगाचटणी ताजी हाय," म्हणाली, माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं आणि आतल्या चुलीपाशी जाऊन बसली. तिथून ऐकू येतं.

"एक सांगू अण्णा?" कानस थांबवून रेवणप्पा म्हणाला. "श्वास बंद झाला, डोळ्यापुढं सगळं काळं. तवा हितं गार लागलं." त्यानं उजव्या कानाखाली बोट नेलं. "उकाडा तसला, शाफ्ट तापलेला, आन हितं गार. लिंगच ते. हात लावला त्यानं. मी हाय म्हणाला. म्हणून तर वाचलो. मठातले स्वामी म्हणाले, लिंग सोडत न्हाय. मला एवढंच पुरं हाय. हत्यारांची पेटी मालकांकडं जाऊ दे, दुसरा कोण आला तर त्याला उपयोगी."

मी चहाचा कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. एकीकडे त्याचा कारागिराचा हात होता आणि दुसरीकडे त्याचा देव, आणि दोन्ही माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखे. एक परत करायचा तर दुसरा काढून घ्यावा लागणार होता. इतकी वर्षं मी लोकांना तोलत आलो, पण असा माल कधी समोर आला नव्हता.

"क्लिपनं काही केलं नाही, रेवणप्पा."

त्यानं चुलीकडे बघितलं. "हिनं शिकवलं काय तुमाला दाराशी?"

"शिकवलं. पण ते खरं आहे. चाकू निघाला होता."

"ऱ्हाऊ द्या की अण्णा." तो थकून हसला. "मन ऱ्हावं म्हणून बोलताय. मला कळतंय. मालकांना तुमी काय सांगितलं ते सगळी मिल सांगतीया."

"मालकांना खोटं सांगितलं. उघडलेला होता हातात. दोऱ्याखाली घातला होता."

"आन?"

"आणि काढून घेतला."

तो अजून हसत होता, आजाऱ्यानं आलेल्या माणसासाठी हसावं तसं. पटत नव्हतं त्याला. मी खाटेवर पुढे सरकलो. त्याचा हात धरला आणि त्याचंच बोट त्याच्या उजव्या कानाखाली टेकवलं. तिथं तांदळाएवढी एक रेघ आहे. दवाखान्यात शाफ्टची म्हणून लिहिली गेली.

"शाफ्ट डाव्या बाजूला होता," मी म्हणालो. "ही पात्याच्या टोकाची आहे. घालताना लागलं. तुला गार लागलं ते हे."

चुलीपाशी काहीतरी हलवणारी चंद्रव्वा थांबली. बोळातून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. रेवणप्पा बोटानं ती रेघ चाचपत राहिला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. चेहऱ्यावर काही दिसेना. मी वाट बघत होतो, तो विचारेल, का काढून घेतला. मी उत्तरं तयार केली होती : काका, विहीर, करडगी. खुंटीचंसुद्धा सांगायचं ठरवलं होतं.

"कापायला निघाला होता, म्हणजे क्लिपमधनं सरळ निघाला?"

"सरळ."

"अंगठ्यानं?"

"अंगठ्यानं."

त्यानं पक्कड उचलली. चाकू पालथा धरला, क्लिपवर चिंधी ठेवली आणि हळूहळू दाब देत ती खाली बसवायला लागला. अर्ध्या तासाचं काम उलटं. पोलाद कुरकुरलं, पण मोडलं नाही. पक्कड आता घसरत नव्हती, की मला तसं वाटलं. उशीच्या अभ्र्यावर लावून ओढलं. अभ्रा वर आला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही, आणखी थोडी दाबली. मग चाकू माझ्या पुढ्यात ठेवला, हातात दिला नाही. नव्या पांढऱ्या दोऱ्याला एकदा हात लावला आणि तिथून हात काढून घेतला, गरम भांड्यावरून काढावा तसा.

"चंद्रव्वा," त्यानं आत बघून म्हटलं, "गावाकडं कळव, येत न्हाय म्हणून." मग माझ्याकडे न बघता, कानस चिंधीत गुंडाळता गुंडाळता : "मालकांना सांगा, सोमवारी येतो. आन अण्णा, मी मशीनखाली वाकलो की तुमी तितं उभं ऱ्हाऊ नका. कुंडलिकला उभं करा."

"बरं," मी म्हणालो.